बाळापूरची बादली

राजापेठेत एका मुलीच्या स्कूटरचा आरसा माझ्या कोपराला लागला आणि मी भर रस्त्यात खाली बसलो. पडलो असं म्हणता येणार नाही. पाय आपसूक दुमडले आणि कोचिंग क्लासच्या फलकाखाली, मेथीच्या पिशवीसकट, पंगतीला बसावं तसा मी मांडी घालून बसलेला होतो. वय एकोणऐंशी, तेव्हा लोक लगेच जमले. कुणी पाण्याची बाटली पुढे केली, कुणी त्या मुलीला दम भरायला लागलं, ती बिचारी सॉरी आजोबा, सॉरी आजोबा करत रडायच्या बेताला आली. तेवढ्यात टोपी घातलेला एक म्हातारा गर्दीतून पुढे आला, वाकून माझं तोंड निरखलं आणि म्हणाला, "अरे, हे तं बादली होत." क्लासच्या पोरांना काही कळेना. म्हातारा त्यांना म्हणाला, "खासदार होते हे. अपक्ष. बादलीवाले. तुमीच न बाप्पा?" मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार. "लोकायले इचारून इचारून मत देत जाय हा मानूस दिल्लीत," तो पुढे सांगायला लागला, "आमच्या गावात बादली फिरे याची. मी सोता दाना टाकला त्याच्यात. असा इमानदार मानूस पाह्याले नाई भेटत आता." पोरं माझ्याकडे जरा आदरानं पाहायला लागली. त्या मुलीनं तर वाकून नमस्कार केला. मला तिथून पळून जावंसं वाटलं, पण गुडघे ऐकेनात, आणि दोघांनी बगलेत हात घालून उभं करेपर्यंत ते सगळं मला ऐकून घ्यावं लागलं.

घरी आलो. तारानं, म्हणजे माझ्या बायकोनं, कोपराला मलम चोळलं आणि "रस्त्यात बसाचंच होतं तं सावली तरी पाह्याची," एवढंच म्हणाली. तिचं प्रेम असंच असतं, पन्नास वर्षं झाली. समोर टेबलावर तीन दिवसांपासून एक निमंत्रणपत्रिका पडली होती. अकोल्याच्या एका कॉलेजचा राज्यशास्त्र विभाग माझा सत्कार करणार होता. 'जनतेचा कौल घेऊन मतदान करणारे माजी खासदार ॲड. दिगंबर खोलापुरे' असं ठळक अक्षरांत छापलेलं, आणि खाली जरा बारीक अक्षरांत, 'बाळापूरच्या महिलांच्या वतीने श्रीमती खुर्शीदबी इनायतुल्ला यांचाही सत्कार'. इनायतुल्ला म्हणजे माझा उजवा हात, आणि खुर्शीदबी त्याची बायको. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. त्याची नात अलीझा त्याच विभागात शिकते, तिचाच हा सगळा खटाटोप. तिनं फोनवर सांगितलं होतं, "आजोबा, दादी पहिल्यांदाच स्टेजवर बसणार आहे. बाळापूरच्या बायांच्या बादलीनं कौल कसा फिरवला ते ती सांगणार, मग तुम्ही बोलायचं." मी बरं म्हणालो. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि ते कारण मी सत्तावीस वर्षांत ताराला सुद्धा सांगितलेलं नाही. बाळापूरच्या बायांची ती बादली मी मोजलीच नव्हती. न मोजता ओतून दिली होती, आणि बाहेर येऊन लोकांना सांगितलं होतं की बायांनी कौल फिरवला. आता त्याच गोष्टीसाठी मला शाल मिळणार होती आणि शेजारच्या खुर्चीवर खुर्शीदभाभी बसणार होती.

मी खासदार झालो ते अपघातानंच, रस्त्यात बसलो तसाच. अमरावतीच्या कोर्टात दिवाणी दावे चालवणारा साधा वकील मी, वाटण्या आणि बांध यांच्या पलीकडे माझी मजल नव्हती. एका बंद पडलेल्या जिनिंगच्या कामगारांचा दावा मी फुकट लढवला आणि नशिबानं जिंकला, तर त्या लोकांनी मलाच उभं केलं. मलाही आतून हुरूप आला होता, खोटं कशाला बोलू. निवडणूक कचेरीत चिन्हांची यादी वाचली गेली तेव्हा शिट्टी गेली, छत्री गेली, पतंग गेला, आणि माझ्या वाट्याला बादली आली. तारा तेव्हा आठ दिवस हसत होती. पण इनायतुल्ला हसला नाही. तो बाळापूरचा पेंटर, दुकानांचे फलक रंगवायचा, त्याच्या घराचा दावा मी चालवला होता म्हणून ओळख. "बादली बेस्ट हाये वकीलसाब," तो म्हणाला, "घरोघरी असते. अन् मी भरेल काढतो, पानी सांडून राहिलं अशी. खाली बादली चांगली नाई दिसत." मग दोन महिने तो आणि त्याची सायकल. मूर्तिजापूर, दर्यापूर, बाळापूर, मधली सगळी खेडी. जिथं भिंत मिळाली तिथं निळी बादली, आणि तिच्या काठावरून सांडणारं पाणी. उन्हाळा असा की अंगातून वाफा निघाव्यात, आणि भिंतीभिंतीवर ते पाणी. लोक म्हणत, पाहूनच तहान भागते. दोन मोठ्या पक्षांच्या उमेदवारांनी एकमेकांना कापलं आणि मधून मी निघालो. निकालाच्या दिवशी गुलालानं लाल झालेला इनायत जीपच्या टपावर उभा होता, हातात खरीखुरी बादली, आणि तो लोकांवर पाणी उडवत होता. माझ्या आयुष्यात तेवढा आनंद पुन्हा झाला नाही, मुलगा झाला तेव्हाही नाही, हे तारासमोर बोलायची सोय नाही. आता तो मतदारसंघही राहिला नाही. पुनर्रचनेत त्याचे तुकडे झाले, काही इकडे गेले, काही तिकडे. मी जिथला खासदार होतो ती जागा आता कागदावर सुद्धा सापडत नाही, याचं मला कधी कधी भारी वाईट वाटतं.

दिल्लीत माझी जागा शेवटच्या ओळीत, खांबाच्या जवळ. अपक्षाला बोलायला दोन मिनिटं. त्यातलं पहिलं मिनिट उभं राहून घसा साफ करण्यात जायचं आणि दुसरं संपायच्या आत घंटी वाजायची. पक्षाच्या माणसाला निदान आदेश तरी असतो, इकडे मत दे, तिकडे मत दे. मला कुणाचाच आदेश नाही. पहिल्याच विधेयकाला मी गांगरलो. इनायतला फोन केला तर तो म्हणाला, "तुमचा पक्ष म्हंजे आमीच न? मंग आमाले इचारा." त्यातून ती बादली सुरू झाली. महत्त्वाचं मतदान असलं की मी नऊ गावांत सभा घ्यायचो, प्रश्न समजावून सांगायचो, आणि मग बादली फिरायची. हो म्हणायचं असेल तर सरकी टाकायची, नाही म्हणायचं असेल तर तुरीचा दाणा. दोन्ही वस्तू वऱ्हाडात कुणाच्याही घरी सापडतात, आणि मूठ झाकून टाकता येतात, म्हणजे सासऱ्याला सुनेचा दाणा दिसत नाही. पारावर, शाळेच्या ओट्यावर, जिनिंगच्या फाटकात लोक बसलेले, बादली हातोहात चाललेली, आणि तिच्यात टप टप दाणे पडायचे. मग इनायत सगळ्यांदेखत ती सतरंजीवर पालथी करायचा, काळी सरकी एकीकडे, लाल तूर एकीकडे, आणि मोठ्यानं मोजायचा. म्हातारे मोजणीवर डोळे लावून बसायचे. एकदा एका आजोबानं तीन दाणे टाकले, मेलेल्या दोन भावांचेही, आणि ते काढून घ्यायला लावले तर रुसून जेवला नाही. त्या सभांच्या आठवणीनं मला अजूनही गलबलून येतं. देश चालवायला दिल्लीत किती जण बसले होते मला माहीत नाही, पण विचार करताना माणसाचा चेहरा कसा होतो ते मी पारावर पाहिलं. मूठ बादलीवर धरून क्षणभर थांबलेला माणूस.

बाळापूरला इनायतच्या मोहल्ल्यात बाया पुरुषांच्या सभेत बसत नसत. म्हणून तिथं दोन बादल्या. बायांची बादली खुर्शीदभाभीच्या घरात, आतल्या खोलीत फिरायची, मोहल्ल्यातल्या सगळ्या जातींच्या बाया यायच्या, आणि ती बादली वर ओढणी बांधून नंतर माझ्याकडे यायची. मी खुर्शीदभाभीला त्या काळात दाराआडच्या आवाजानंच ओळखत होतो. "वकीलसाब, हे बिल आमच्या समजीत नाई आलं, पुन्यांदा सांगा," असं ती दाराआडून म्हणायची, आणि मला पुन्हा सांगताना कळायचं की मलाही ते नीट समजलेलं नव्हतं.

मग विश्वासदर्शक ठराव आला. सरकार टेकूवर होतं आणि टेकू सरकला होता. एकेका अपक्षाची मोजदाद सुरू झाली. वर्षभर ज्यांनी माझ्याकडे खांबाचाच भाग म्हणून पाहिलं, ते मला नावानं हाक मारायला लागले. सत्ताधाऱ्यांमधल्या एका बड्या मंत्र्यानं मला घरी चहाला बोलावलं. त्यानं काहीच देऊ केलं नाही, आणि मी काही मागितलंही नाही. त्यानं फक्त विचारलं, "खोलापुरेजी, आपकी क्या राय है?" आणि मी बोलत होतो तितका वेळ, बारा-पंधरा मिनिटं, तो ऐकत होता. घंटी नाही. एवढ्यावर मी विकला गेलो. लोक मोठमोठ्या गोष्टींवर जातात, मी कुणीतरी ऐकून घेतलं म्हणून गेलो. गाडीत बसून परत येताना माझं मत ठरलेलं होतं, सरकारच्या बाजूनं, आणि नऊ गावांचा कौल अजून घ्यायचा होता.

नऊ गावं तीन दिवसांत केली. प्रत्येक ठिकाणी मी दोन्ही बाजू सांगितल्या, पण माझी जीभ सरकीकडे वळत होती आणि लोकांना ते कळत होतं, आणि तरी तुरीचे दाणे जास्त पडत होते. लोक सरकारवर चिडलेले होते. शेवटचं बाळापूर. पुरुषांची बादली मोजून झाली तेव्हा एकूण बेरजेत तूर अकरांनी पुढे होती. बायांची तेवढी राहिली. मी विश्रामगृहाच्या मागच्या खोलीत बसलो होतो, दुपारची वेळ, अकोल्याहून गाडी गाठायची होती. इनायतनं निळ्या ओढणीनं बांधलेली बादली माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि तो जीप पाहायला गेला. नेहमी आम्ही दोघं मिळून मोजायचो. तो म्हणाला, "तुमी सुरू करा, मी आलोच." मी ओढणीची गाठ सोडली. आत पाहिलं नाही. हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येतं, मी आत पाहिलं नाही. पाहिलं असतं आणि तूर दिसली असती, तर मला तसं मत द्यावं लागलं असतं. मी बादली उचलली, मागचं दार उघडलं आणि बाभळीच्या कुंपणाशी पालथी केली. दाणे पडल्याचा आवाज सुद्धा झाला नाही, माती भुसभुशीत होती. मग पुढच्या व्हरांड्यात येऊन, चाळीस-पन्नास लोक उभे होते त्यांना, मी म्हणालो, "बाळापूरच्या बायांनी कौल फिरवला. सरकी जिंकली." इनायत जीपपाशी उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

सभागृहात मत देताना दोन्ही हात लागतात, एका हातानं खटका दाबून धरायचा आणि दुसऱ्या हातानं बटण. चुकून मत पडू नये म्हणून तशी योजना आहे. मी दोन्ही हात लावून हिरवं बटण दाबलं. सरकार एकवीस मतांनी तरलं, म्हणजे माझ्या मताची गरजच नव्हती. त्या मंत्र्यानं पुढच्या आठवड्यात मला ओळखही दाखवली नाही. सहा महिन्यांनी ते सरकार गेलंच, पुन्हा निवडणूक लागली आणि मी असा पडलो की अनामत सुद्धा वाचली नाही. पण त्याचं काही नाही, वकिली होतीच. जे व्हायला नको होतं ते बाळापूरला झालं. प्रचारात लोक बोलायला लागले, पुरुषांनी नको म्हटलेलं सरकार मोहल्ल्यातल्या बायांनी वाचवलं. इनायतला बाजारात टोमणे बसत. कुणी त्याच्या भिंतीवरच्या बादलीत बांगड्या रंगवून ठेवल्या. त्यानं त्यावर चुना फिरवला आणि मला त्यातलं अक्षर सांगितलं नाही, मला ते दुसऱ्यांकडून कळलं. मी तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं की बायांचा काही संबंध नाही, मी खोटं बोललो, मारायचे ते टोमणे मला मारा. दर वर्षी ईदला इनायत अमरावतीला यायचा, शीरखुर्म्याचा डबा घेऊन, आणि दर वर्षी मी ठरवायचो की आज सांगू. तारा डबा रिकामा करून, धुऊन, त्यात काहीतरी घालून परत द्यायची, तो निघून जायचा, आणि मी गॅलरीतून त्याच्या पाठीकडे पाहत राहायचो. तो गेला तेव्हा मी पुण्यात मुलाकडे, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन डोळ्यांवर पट्टी. मातीलाही जाता आलं नाही.

सत्कार दुपारी चारला होता. मी सकाळच्याच गाडीनं बडनेऱ्याहून निघालो. माजी खासदारांचा पास असल्यानं तिकीट तपासनीस उगाच अदबीनं वागतो, ते मला नेहमी आवडतं आणि त्या दिवशी आवडलं नाही. मूर्तिजापूर आलं, गेलं. खिडकीतून भिंती दिसत होत्या, सिमेंटच्या, कोचिंगच्या, दवाखान्यांच्या जाहिरातींच्या. निळी बादली कुठंच राहिलेली नव्हती, आणि तरी मी प्रत्येक भिंत पाहत होतो. अकोल्याला उतरून बाळापूरची एसटी धरली. मनात वाक्यं जुळवत होतो, कोर्टात जुळवायचो तशी. तीनच वाक्यं. बादली मी मोजली नाही. ओतून दिली. तुमच्या नावावर खोटं बोललो. मन नदीचा पूल आला आणि किल्ल्याचे बुरूज दिसले. वाटलं, उतरूच नये, पुढे खामगावपर्यंत जावं आणि तिथून तब्येतीचं कारण सांगून फोन करावा. पण कंडक्टरनं घंटी मारली आणि मी उतरलो.

खुर्शीदभाभी ओसरीवर सतरंजीवर बसली होती. आता पडदा वगैरे काही राहिलेला नाही, वयानं तो गेला. शहात्तर वर्षांची ती लहानखुरी बाई, अंगावर नवी मोतिया रंगाची ओढणी, हाताला मेंदी सुद्धा लावलेली. दोन वाजता तिला न्यायला अकोल्याहून गाडी येणार होती. मला पाहून ती उठायला लागली.

"बसा, बसा भाभी."

"तुमी तं तठी अकोल्याले भेटनार होते," ती म्हणाली. "मी सकायपासून पाठ करून राहिली, काय बोलाचं ते. अलीझानं लिहून देलं, पन मले ते जमत नाई. मी आपली माह्या मनानं सांगतो."

"तिथं बसायच्या आधी एक सांगायचं होतं."

"सांगा न. पैले पानी घ्या."

पाणी घेतलं आणि तीन वाक्यं सांगितली. जुळवली होती तशी सांगता आली नाहीत, आणि इनायतच्या भिंतीवरच्या बांगड्यांचंही सांगितलं, ते ठरलेलं नव्हतं. ती डोळे बारीक करून ऐकत होती. बोलणं संपलं तेव्हा मला वाटलं ती आता मला जायला सांगेल. तिनं सुपारीचा तुकडा गालात सरकवला.

"झूठ कायचं त्याच्यात?" ती म्हणाली. "फिरवलाच होता आमी. चाळीस सरकी, एकवीस तूर. ओढनी बांधाच्या आधी मी सोता मोजले, दोन खेपा. आमच्या यायनं मले सांगतलं होतं का तूर अकरानं सामने हाये. मी तवाच म्हटलं, चला, आठानं निघाली सरकी."

चाळीसातून एकवीस गेले एकोणीस, त्यातून अकरा गेले आठ. मी हिशेब बोटांवर केला, पुन्हा केला. सत्तावीस वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. मी हसायलाच लागलो, म्हाताऱ्या माणसाला शोभणार नाही असा. "म्हणजे भाभी, मी खोटं बोललोच नव्हतो की," मी म्हणालो. "कौल सरकीचाच होता. मी बरोबरच मत दिलं." निर्दोष सुटलेला अशील कोर्टाच्या पायऱ्यांवर असंच बोलतो, माझ्या कानांनी ते कितीदा ऐकलेलं. खुर्शीदभाभी हसत नव्हती.

"थांबा जरा," ती म्हणाली. "तुमाले हे आज मालूम झालं?"

"आज. आत्ता."

"म्हंजे तवा तुमी बादलीत पाह्यलंच नाई."

"नाही."

ती ओढणीचं टोक मेंदीच्या हातानं गुंडाळत होती, सोडत होती. "काय काय नाई म्हटलं लोकायनं आमाले," ती हळू आवाजात म्हणाली. "यायले तं रोजचे टोमने. हे मले म्हनत, खुर्शीद, तुमच्या दान्यापायी मले खाली पाहा लागते. मी म्हनो, पाहू नका खाली. आमच्या दान्यात वजन होतं म्हून तं लोकं बोलून राहिले. पोरीले सांगतलं, नातीले सांगतलं. का बाप्पा, आमी घरात बसून दाने टाकले अन् तठी दिल्लीत एक मानूस उठून उभा राह्यला." तिनं ओढणीचं टोक सोडलं. "अन् तुमी तं पाह्यलं बी नाई."

"मोजली असती तरी तेच झालं असतं, भाभी," मी म्हणालो. का म्हणालो देव जाणे. वकिलाची जीभ, दुसरं काय.

"तुमचं तेच झालं असतं," ती म्हणाली. "आमचं नाई."

 मी माफी मागितली. ती मागताना मला लाज वाटली, इतके ते शब्द मी मनात घोळवून गुळगुळीत केले होते. तिनं मान हलवली. "माफी मी एकटी कशी देऊ? एकसष्ट जनी होत्या. अर्ध्या तं कबरीत गेल्या, मसनात गेल्या." मग ती उठली, आतून अलीझाची एक कोरी वही आणि पेन घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवली. "लिहा."

"काय लिहू?"

"नावं. मोजाची राह्यली न? मंग मोजा. बादली माह्या मांडीवर होती, कोनं काय टाकलं ते मले सारं याद हाये."

मी सतरंजीवर मांडी घातली. गुडघे ओरडले, ओरडू दिले. ती सांगू लागली आणि मी लिहू लागलो. सलीमाबी, सरकी. तिची जाऊ जैबुन, तूर, कारण सलीमानं सरकी टाकली. दुर्गाबाई कुंभारीण, सरकी. तिनं विचारलं होतं, सरकार पडलं तर पुन्हा रांगेत उभं राहून मत द्यायचं का, तिचे पाय दुखायचे. वच्छला सुताराची, तूर. तिची सासू शेजारी बसून सरकी टाक, सरकी टाक करत होती, आणि वच्छलानं मूठ बादलीच्या अगदी तळाशी नेऊन उघडली. रशीदाबी, सरकी. रशीदाबीची मुलगी, तेव्हा पोटुशी, तूर, "ते पोट्टं आता अकोल्याले मास्तर हाये." कधी ती थांबायची, डोळे मिटायची, आणि म्हणायची, "नाई, नाई, तिची तूर होती, खोडा ते." मी खोडायचो. नत्थुजी न्हाव्याची म्हातारी, दिसत नव्हतं, दोन्ही दाणे बोटांनी चाचपून चाचपून सरकी. एकेका नावाबरोबर ती आतली खोली माझ्यासमोर उभी राहत होती, जिथं मी कधी गेलो नव्हतो, जिच्या दारापलीकडून फक्त आवाज ऐकला होता. मूठ बादलीवर धरून थांबलेल्या बाया. मला हुंदका आला तो मी खोकल्यात घातला. दोन वाजता गाडी आली, ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला, तिनं त्याला बसायला सांगितलं. अलीझाचा अकोल्याहून फोन आला, दादी, निघाल्या की नाही, हॉल भरत आलाय. "सांग सायबायले, मोजनी चालू हाये," ती म्हणाली आणि फोन उलटा ठेवून दिला.

तिनं नवी ओढणी काढून घडी केली होती आणि घरातली अंगावर घेतली होती. तिच्या आवाजात राग नव्हता, घाईही नव्हती. मीच मधे बेरीज करायला गेलो तर म्हणाली, "पैले नावं होऊ द्या." तेव्हा मी बेरीज सोडून दिली आणि नुसता लिहीत गेलो. चौथं पान संपत आलं. साठावं नाव झालं. ती थांबली, ओढणीनं तोंड पुसलं, आणि माझ्याकडे पाहत राहिली.

"एक राहिलं," मी म्हणालो.

"हाव. मी."

मी वही जवळ ओढली. "खुर्शीदबी, सरकी," असं पुटपुटत लिहूनही टाकलं. तिची बादली, तिचं घर, सत्तावीस वर्षं तिनंच त्या सरकीचा अभिमान मिरवलेला.

"काय लिहिलं?"

"सरकी."

"मले इचारलं?"

 बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी ते अक्षर खोडलं, नीट, दोन रेघा मारून, आणि वही मांडीवर घेऊन तिच्याकडे तोंड करून बसलो.

"भाभी," मी म्हणालो, "तुमचा दाणा कोणता होता?"

"तूर," ती म्हणाली. "माह्या मनात तुमचं सरकार पडाचं होतं."